वाचक विचारतात : बास्केटबॉलवर पोट भरतं का?

बास्केटबॉल खेळणाऱ्यांचं आयुष्य, कमाई, दुखणी आणि मैदान यांवर प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही केलं होतं. सर्वाधिक पत्रं मराठवाड्यातून आली, त्यामुळे या वेळी तीच घेतली आहेत. उत्तरं खेळाडू, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या गटाने मिळून दिली आहेत. नावं छापू नका असं अनेकांनी कळवल्याने सगळ्यांचं फक्त गाव दिलं आहे.

मुलगा नववीत आहे, उंची सहा फूट. शाळेच्या संघात खेळतो आणि आता ‘यातच करिअर करणार’ म्हणतो. आम्ही कापूस-सोयाबीनवाले. यात काही भवितव्य आहे का? — एक वडील, माजलगाव

आहे, पण ते कोणत्या वाटेने येतं हे आधी समजून घ्या. मोबाइलवर मुलं पाहतात ती अमेरिकेतली एनबीए. तिथे संघ खेळाडूशी करार करतो आणि खेळाडूने फक्त खेळायचं असतं. आपल्याकडे ती घडी अजून बसलेली नाही. यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये निघाली आणि २०१७ नंतर बंद पडली. भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल २०२२ पासून सुरू आहे. लीगच्या पैशाकडे जोडधंदा म्हणून बघा. आला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

भारतात या खेळावर संसार चालवणारे जवळजवळ सगळे पगारी नोकर आहेत. रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, आयकर, इंडियन ओव्हरसीज बँक, केरळ वीज मंडळ, पंजाब पोलीस यांचे संघ राष्ट्रीय पातळीवर खेळत आले आहेत. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी मूळचा वाराणसीचा, नोकरी ओएनजीसीत. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड थर्टीसिक्सर्सने त्याच्याशी करार केला, २०२० चा अर्जुन पुरस्कारही मिळाला, तरी पाया नोकरीचाच. म्हणून मुलाला ‘एनबीए का नोकरी’ असा पेच घालू नका. आपल्याकडे नोकरी हाच खेळाडूचा करार असतो.

त्या नोकरीपर्यंत जायला दोन शिड्या आहेत, आणि दोन्हींवर एकाच वेळी चढावं लागतं. पहिली शालेय स्पर्धांची : १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. दुसरी संघटनेची : जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून राज्याच्या संघात, तिथून युवा, कनिष्ठ आणि वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत. आपल्याकडची पुष्कळ मुलं फक्त शालेय स्पर्धा खेळतात. संघटनेची चाचणी कधी झाली ते त्यांना कळतही नाही. तेव्हा जिल्हा संघटनेच्या सचिवांचा नंबर आजच घेऊन ठेवा. बारावीनंतर तिसरा रस्ता विद्यापीठाचा : आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ. राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवातही बास्केटबॉल असतो.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, कागद. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यातच लागतं. देशाकडून खेळल्यास फॉर्म १, त्यावर राष्ट्रीय महासंघाच्या सचिवांची सही. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्यास फॉर्म २, राज्य संघटनेच्या सचिवांची सही. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी फॉर्म ३, विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांचा. राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी फॉर्म ४, शिक्षण संचालनालयाचा. स्पर्धेत मिळालेलं रंगीत सर्टिफिकेट म्हणजे हा फॉर्म नव्हे. स्पर्धा झाली की त्याच महिन्यात फॉर्म भरून घ्या. पाच वर्षांनी पदाधिकारी बदललेले असतात आणि जुनं रजिस्टर सापडत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारे हमखास मागे राहतात, म्हणून पडताळणी आधीच उरकून घ्या.

रेल्वेच्या खुल्या खेळाडू भरतीत वय १८ ते २५ असतं आणि ते शिथिल होत नाही. मैदानावरच्या चाचणीला ४० गुण असतात, त्यांत किमान २५ मिळाले तरच पुढचं बघतात. म्हणजे जुन्या पदकांवर निभत नाही, त्या दिवशी पायात दम असावा लागतो.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दहावीनंतर शक्य असेल तर मुलाला पुणे, नागपूर किंवा मुंबईला ठेवायचा विचार करा. आपल्याकडे मुलांत कस नाही असं मुळीच नाही, पण सामनेच कमी होतात. नागपाड्यासारख्या एका मोहल्ल्यातून अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार घेऊन आला, त्यामागे रोज संध्याकाळी तगड्या गड्यांशी होणारे सामने होते. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, तीही अशाच वर्दळीच्या मैदानांतून.

माझी उंची ५ फूट ३ इंच आहे. आठवीत आहे. लटकल्याने उंची वाढते का? — विद्यार्थी, उदगीर

नाही वाढत. लटकल्याने खांदे मोकळे होतात आणि पकड घट्ट होते, एवढाच फायदा. तुझा अंदाज असा काढ : आईची आणि वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मोज, बेरीज कर, त्यात १३ मिळव, दोनने भाग. उत्तराच्या आठ-नऊ सेंटिमीटर खाली किंवा वर तू थांबशील. (मुलींनी १३ वजा करायचे.) झोप नऊ तास घे.

उंची कमी राहिली तर चेंडू हाताळण्यात सगळ्यांच्या पुढे जा. मग्सी बोग्ज ५ फूट ३ इंचांचाच होता आणि एनबीएत १४ हंगाम खेळला. डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे. रोज दहा मिनिटं फक्त डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत राहणं, मान वर ठेवून.

आमच्या मुलांचे फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून बाहेर येतात. ताकद कमी पडते की काय? — क्रीडाशिक्षक, औसा

सर, फ्री थ्रोत, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या फेकीत, बहुधा ताकदीचा नव्हे तर कोनाचा दोष आहे. हिशेब बघा. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, सात नंबरच्या चेंडूचा साधारण २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण ४५ सेंटिमीटर तोंड मिळतं. ३० अंशांनी तिरका आला तर त्याच्या वाटेवर तोंड उरतं साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षा लहान. असा चेंडू कडेला न लागता आत जाणं शक्यच नाही. कमीत कमी ३३ अंश लागतात.

फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून ४.६० मीटर, रिंगचा मध्य रेषेपासून सव्वाचार मीटरवर. मुलाने चेंडू जमिनीपासून २.१० मीटरवर सोडला असं धरा. हातातून ४५ अंशांनी सुटलेला चेंडू रिंगपाशी २९ अंशांनी उतरतो, म्हणजे कडेवरच. ५० अंशांनी सोडला तर ३६-३७ अंशांनी उतरतो, ५२ ला ४० आणि ५५ ला ४४. ‘४५ अंशांनी फेकलं की सगळ्यात लांब जातं’ हे विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. इथे ते नडतं, कारण आपल्याला लांब नाही, वरून टाकायचं आहे. ६० च्या पुढे मात्र नेऊ नका. जोर जास्त लावावा लागतो आणि अंतर हुकायला लागतं.

उपाय साधा आहे. दोन उंच बांबू मैदानाच्या दोन बाजूंना रोवा आणि रेषेपासून अडीच मीटर पुढे, ३.५० मीटर उंचीवर आडवी सुतळी ताणा. फ्री थ्रो सुतळीवरूनच गेला पाहिजे. ५० अंशांचा चेंडू जेमतेम वरून जातो, ४५ चा अडकतो. आठवडाभरात मुलांच्या हाताला सवय लागते, तोंडाने शंभरदा ‘वर टाक’ सांगून जे होत नाही ते सुतळी करते.

सुतळीवरून जाऊनही चेंडू आखूड पडत असेल तर गुडघे बघा. जोर पायातून येतो. मुलं थकली की गुडघे वाकवणं सोडतात आणि खांद्याने ढकलतात. म्हणून फ्री थ्रोचा सराव ताज्या अंगाने शंभरचा एकदम नको. दोन फेऱ्या धावायचं आणि दोनच टाकायचे, असं पन्नास होईपर्यंत. सामन्यात दोनच मिळतात आणि तेही धाप लागलेली असताना. बारा वर्षांखालच्या मुलांना सात नंबरचा चेंडू देतच असाल तर आधी तो काढून घ्या. त्यांच्यासाठी पाच नंबर, मुली आणि महिलांसाठी सहा.

मुलीचा उजवा घोटा वर्षभरात तीनदा मुरगळला. गावातल्या हाडवैद्याकडून चोळून घेतलं की आठवड्यात बरं वाटतं, परत खेळली की परत तेच. — एक आई, वसमत

ताई, चोळणं आधी थांबवा. मुरगळलेल्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणलेले किंवा थोडे फाटलेले असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम तेलाने रगडलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

मुरगळल्याबरोबर बघायची गोष्ट म्हणजे हाड. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी उंचवट्याची हाडं आहेत, त्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबा. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो दाबा, आणि तसंच पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे. यांपैकी कुठेही हाडावरच ठणका असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. दोन्ही नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी.

पहिले दोन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, दिवसातून चार-पाच वेळा कापडातून दहा-पंधरा मिनिटं बर्फ. पूर्ण अंथरूण धरू नये. सोसेल तितकं चालावं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घोटा हलवायला लागा : हवेत अंगठ्याने बाराखडी काढणे, सायकलची जुनी ट्यूब पावलाला अडकवून बाहेरच्या दिशेला ताणणे, १५ च्या तीन खेपा. मग भिंतीला हात लावून टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर, मग एका.

आता परत परत का होतं ते. दुखणं आठवड्यात जातं, पण घोट्याचा तोल परत यायला महिना-दीड महिना लागतो. बंधांमध्ये पायाची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात, ते इजेत मंदावतात. त्यामुळे दुसऱ्याच्या पायावर पाय पडला (बास्केटबॉलमध्ये बहुतेक घोटे रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, घेऊन उतरताना असेच जातात) तर स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. म्हणून एका पायावर उभं राहणं हाच खरा इलाज. डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, मग गोधडीवर उभं राहून चेंडू झेलत. रोज पाच-दहा मिनिटं, पूर्ण हंगामभर. दात घासताना केलं तरी चालेल.

मैदानात परत कधी सोडायचं? तीन कसोट्या लावा. पाऊल भिंतीसमोर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. पाय भिंतीपासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगळं नको. एका पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी हवी. आणि पळताना झटक्यात दिशा बदलताना भीती वाटता कामा नये. तीनदा मुरगळलेल्या घोट्याला पुढचं वर्षभर दोरीने बांधायचा घोट्याचा ब्रेस सरावातही वापरावा. उंच गळ्याचे बूट त्याची जागा घेत नाहीत.

जाता जाता गुडघ्याचं. उडीनंतर उतरताना ‘टक्’ असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म सुजला, तर एमआरआयची तयारी ठेवा. गुडघ्याच्या आतल्या, फुलीसारख्या बंधांपैकी पुढचा, म्हणजे एसीएल, फाटल्याची ती खूण असते. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळलेली मुलं पुन्हा त्याच टेबलावर येण्याचा धोका बराच जास्त असतो. २०११ चा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू डेरिक रोझ, बाविसाव्या वर्षी तो मान मिळवणारा सर्वांत तरुण. एप्रिल २०१२ मध्ये हाच बंध गेला आणि तो पुन्हा तसा खेळला नाही.

एनबीएच्या खेळाडूंना शेकडो कोटी मिळतात ते खरं का? हातात किती येतात? — महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

आकडे खरे, पण ते छापील आकडे. एजंट ४ टक्क्यांपर्यंत घेऊ शकतो. १० टक्के पगार लीग राखून ठेवते. मालक आणि खेळाडूंची ठरलेली वाटणी जुळली तर परत मिळतो, नाही तर त्यातून कापला जातो. वर केंद्रीय प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ३७ टक्के. शिवाय ज्या राज्यात सामना, त्या राज्याचा कर त्या दिवसांपुरता वेगळा. कॅलिफोर्नियात तो १३.३ टक्क्यांपर्यंत जातो, टेक्सास आणि फ्लोरिडात शून्य. म्हणून करार पाहताना जाणकार आधी शहर विचारतात.

आणि हे सगळं ज्यांना मिळतं ते थोडे. ३० संघ, प्रत्येकात १५ नियमित आणि ३ ‘टू-वे’ करारवाले, म्हणजे सगळ्या जगातून साडेपाचशेच्या आत. टू-वे वाला वर्षात जास्तीत जास्त ५० सामन्यांत मुख्य संघाबरोबर असू शकतो, बाकी वेळ जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये, आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा. नवे खेळाडू संघांनी वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूची पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं-चौथं संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीतल्याला तेवढीही हमी नाही. नशीब उघडतं ते तिथेही : सर्बियाचा निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला आणि पुढे तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला. भारतात जन्मलेला तो पहिलाच. डॅलसने घेतलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जी लीगच्या टेक्सास लेजंड्समध्ये खेळून तो परतला. हंगामही बघा : साधारण सहा महिन्यांत ८२ सामने, त्यांत लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत. ते शरीर झेपवणं हीच तिथली मोठी चाळणी आहे.

सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधानेही डोपिंगमध्ये अडकतात म्हणे. जिममधली पावडर घ्यावी का? — राज्यस्तरीय खेळाडू, जालना

अडकतात. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी यादीत आहे, सामना असो वा नसो. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन सामन्याच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाही. गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शनही २०२२ पासून सामन्याच्या काळात निषिद्ध. ‘डॉक्टरांनी दिलं होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. खरोखर गरजेचं औषध असेल तर आधी उपचारासाठीची सूट मागायची असते. बाटलीवरचं घटकांचं नाव नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) ‘नो युअर मेडिसिन’ ॲपवर तपासूनच घ्या. यादी दर १ जानेवारीला बदलते.

पावडरीचं म्हणाल तर वर ज्याचं नाव आलं त्या सतनामसिंगवर २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी आली ती हायजेनामाइन या पदार्थामुळे. हा पदार्थ वनस्पतीतून येतो आणि ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकांत मिसळलेला असतो. जिमवाल्याने सुट्या डब्यातून दिलेली पावडर घेऊ नका. पुढचं उत्तर वाचा, तिची गरजही नाही.

मेसच्या जेवणावर प्रोटीन पूर्ण होईल का? वजन ६५ किलो. — वसतिगृहातला खेळाडू, लातूर

होईल. तुला दिवसाला साधारण १०० ग्रॅम पुरे. चार ज्वारीच्या भाकरी (सुमारे ३०० ग्रॅम पीठ) म्हणजे ३०, दोन वाट्या घट्ट वरण १३, अर्धा लिटर दूध १६, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १३, तेवढेच भिजवलेले हरभरे १०, चार अंडी २४. बेरीज १०६. मेसचं वरण पाणीदार असतं ही खरी अडचण. तिथे खालचं घट्ट घे, किंवा अंडी-दाणे खोलीवर ठेव. अंडी खात नसशील तर पाव किलो दही आणि दाण्यांची आणखी एक मूठ वाढव, तरी शंभरीच्या आसपास जाशील, आणि तेवढं चालतं.

सामन्याच्या तीन तास आधी जेवण, तासभर आधी केळं. उन्हाळ्यातल्या सरावाआधी आणि नंतर वजन कर. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. सव्वा किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर तू मध्ये पाणी कमी पितोस. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचा हात सैल सोडू नको.

एका एजंटाने मुलीला अमेरिकेत ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ देतो म्हणून आगाऊ पैसे मागितले आहेत. — पालक, छत्रपती संभाजीनगर

देऊ नका. शिष्यवृत्ती कॉलेजचा प्रशिक्षक देतो, लेखी देतो, आणि खेळाडूकडून पैसे घेऊन देत नाही. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचे तीन विभाग आहेत, त्यांतला तिसरा खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. एजंटाने कॉलेजचं नाव सांगितलं की विभाग कोणता ते आधी बघा. पहिल्या विभागासाठी नववी ते बारावीतले १६ ठरावीक विषय मान्य व्हावे लागतात, तेव्हा ‘१७ खालील गटात अजून एक वर्ष मिळावं’ म्हणून मुलीला वर्ग रिपीट करायला लावू नका, तिथे ते अंगाशी येतं. प्रशिक्षकाला पाठवायचं ते पूर्ण सामन्याचं चित्रण, निवडक बास्केटांचं नव्हे. परदेशातल्या व्यावसायिक क्लबचा प्रस्ताव असेल तर १८ वर्षं पूर्ण होण्याआधी फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, सहसा बदलीला परवानगी देत नाही, हेही लक्षात असू द्या.

शाळेला लागून ग्रामपंचायतीची जागा आहे, पण काळी माती दोन हात खोल. तालुक्यात एक कोर्ट झालं ते दोन वर्षांत फुटलं. काय करावं? — उपसरपंच, जिंतूर तालुका

फुटलं ते बहुधा काळ्या मातीवर थेट मुरूम टाकल्याने. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचा काँक्रीट तिच्याबरोबर उचलला जातो. दोन हात म्हणजे तीन फूट; ती सगळी काढा आणि खालच्या मुरमापर्यंत जा. काढलेली माती कडेला भरावात वापरू नका, शेतकऱ्यांना द्या. खड्ड्यात मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर खालचा थर कधीच दबत नाही, आणि पैसे वाचवायला ठेकेदार नेमकं हेच करतो. त्यावर दगडी सोलिंग, मग १० सेंटिमीटर एम-२० दर्जाचं काँक्रीट.

कोर्ट २८ × १५ मीटर, भोवती दोन मीटर मोकळं, म्हणजे ३२ × १९. काँक्रीट सुमारे ६१ घनमीटर, सिमेंट ४८०-४९० पोती. चार-चार मीटरचे चौकोन एकाआड एक ओता, सांधे डांबराने भरा. उतार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला शंभराला एक. मधे उंच आणि दोन्हीकडे उतार नको, चेंडू वळतो. वरचा हात खराट्याचा खरखरीत ठेवा. गुळगुळीत कोब्यावर धूळ बसली की मुलं घसरतात. लांबी दक्षिणोत्तर, म्हणजे संध्याकाळचं ऊन डोळ्यांत येत नाही. काम दिवाळीनंतर काढा, आणि चौदा दिवस मातीची आळी करून पाणी धरा. टँकरच्या गावात हे जड जातं, पण मे महिन्यात ओतून दोन वेळा पाइप फिरवण्यापेक्षा डिसेंबरात ओली पोती टाकणं स्वस्त पडतं. चारही बाजूंना गटार हवंच. कडेला पाणी मुरलं की कड उचलते.

खांब शेवटच्या रेषेच्या बाहेर दोन मीटर असावा असा नियम. बोर्ड आत १.२० मीटर येतो, म्हणजे आडवा हात तीन मीटरांच्या वर. पातळ पाइपचा हात वर्षात झुकतो आणि रिंग पुढे कलते. पाया काळ्या मातीच्या खाली गेला पाहिजे. बोर्ड १.८० × १.०५ मीटर, तळ जमिनीपासून २.९०, रिंग ३.०५. खांबाला माणसाच्या उंचीपर्यंत गादी बांधा.

एवढा पैसा नसेल तर अर्धंच करा, १५ × ११ मीटर. टोकियो ऑलिम्पिकपासून तीन-तीनांचा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे : एक रिंग, दहा मिनिटं किंवा २१ गुण, बारा सेकंदांत शॉट. गावाला सुरुवातीला तोच परवडतो. क्रीडांगण विकास अनुदानाचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळेल, जागेचा सातबारा किंवा आठ-अ सोबत न्या.

वय ३१, खेळाडू कोट्यातून नोकरीत. गुडघे बोलायला लागलेत. पुढे काय? — धाराशिव

नोकरी हातात आहे, म्हणजे निम्मी काळजी मिटली. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा वर्षभराचा आहे, कार्यालयाकडून अभ्यासरजा मागून बघा. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. पंचगिरी हा दुसरा रस्ता : राज्य संघटनेची परीक्षा, मग राष्ट्रीय, मग फिबा. पंचाला पळावं भरपूर लागतं, पण उड्या नसतात, तेव्हा गुडघ्यांना सोसतं. मध्यंतरी गुडघ्याच्या वाटीखालच्या दुखण्यासाठी भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसा, ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. उड्या दोन आठवडे कमी करा, पूर्ण बंद करू नका.

चेंडू दोन महिन्यांत टक्कल पडल्यासारखा होतो. — शाळेचा संघ, परळी

सिमेंटच्या मैदानावर रबराचाच चेंडू घ्या; चामड्याचा किंवा कंपोझिट (कृत्रिम चामड्याचा) चेंडू लाकडी मैदानासाठी असतो, खडीवर महिनाभरही टिकत नाही. हवा तपासायला चेंडूचा तळ १.८० मीटरवर धरून नुसता सोडा, उसळल्यावर माथा १.२० ते १.४० मीटरच्या मध्ये आला की ठीक. जास्त हवेचा चेंडू लवकर झिजतो आणि बोटंही दुखावतो. उन्हात किंवा जीपच्या टपावर ठेवू नका, आतला ब्लॅडर फुगून चेंडू एका बाजूला अंड्यासारखा होतो. हवा भरताना सुईला ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते, आणि मग त्या चेंडूत हवा राहत नाही.